लेकीचे जिवाणू, आईचं वजन

न्यूपोर्ट हे अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातलं समुद्रकाठचं शहर. तिथल्या रुग्णालयात २०११ साली ३२ वर्षांच्या एका बाईवर उपचार झाले. वजन १३६ पौंड, म्हणजे साधारण ६२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २६. आजार जुलाबांचा, औषध संपलं की पुन्हा उलटणारा. शेवटी डॉक्टरांनी दुसऱ्या निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून तिच्या मोठ्या आतड्यात सोडली. जुलाब थांबले आणि परत आले नाहीत.

सोळा महिन्यांनी ती पुन्हा डॉक्टरांसमोर बसली होती, वेगळीच तक्रार घेऊन. वजन १७० पौंडांवर गेलं होतं, म्हणजे ७७ किलो. बीएमआय ३३. याआधी आयुष्यात ती कधी लठ्ठ नव्हती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने द्रवरूप प्रथिनांचा आहार घेतला, व्यायाम केला. काटा हलला नाही. थायरॉइड तपासलं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तपासलं, दोन्ही ठीक. उपचाराला तीन वर्षं झाली तेव्हा वजन १७७ पौंड होतं, बीएमआय ३४.५. सोबत बद्धकोष्ठता होती आणि अपचनाच्या तक्रारी होत्या.

जिची विष्ठा वापरली ती दाता म्हणजे तिचीच सोळा वर्षांची मुलगी. बाकी तब्येतीने ठणठणीत, पण अंगाने थोडी भरलेली: १४० पौंड, बीएमआय २६.४. पुढे मुलीचंही वजन वाढत गेलं आणि तेही १७० पौंडांवर पोचलं.

डॉ. नेहा अलंग आणि डॉ. कॉलीन केली यांनी २०१५ साली ‘ओपन फोरम इन्फेक्शिअस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण मांडलं आणि त्याची जगभर बातमी झाली. बातम्यांचा सूर एकच होता: मुलीचे जंतू आईच्या पोटात गेले आणि आई जाड झाली. अहवाल लिहिणाऱ्या दोघी मात्र फार जपून बोलल्या होत्या. ते जपून बोलणं का आवश्यक होतं, आणि तरीही हे प्रकरण झटकून का टाकता येत नाही, हे सविस्तर सांगावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

आधी तिचा आजार

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल), डॉक्टरांच्या बोलण्यात सी. डिफ. हा जिवाणू काही लोकांच्या आतड्यात नुसता पडून असतो, त्रास देत नाही. आपल्या मोठ्या आतड्यात इतर जिवाणूंची एवढी दाट वस्ती असते की त्याला हातपाय पसरायला जागाच मिळत नाही. ही दाटी किती असावी? २०१६ मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला: ७० किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. यकृताकडून आलेल्या पित्तातल्या आम्लांचं रूप ते बदलतात, आणि ही बदललेली आम्लं सी. डिफला वाढू देत नाहीत. शेतात पीक दाट उभं असलं की तणाला ऊन मिळत नाही, तसंच हे.

अँटिबायोटिकने पीक कापलं जातं. सी. डिफ मात्र बीजाणूंच्या, म्हणजे कवचात झोपलेल्या बियांसारख्या, रूपात टिकून राहतो. हे बीजाणू फार चिवट असतात. हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही ते मरत नाहीत, साबण-पाण्याने हात चोळून धुवावे लागतात. रान मोकळं झालं की ते उगवतात, विष सोडतात आणि आतड्याचं अस्तर सुजवतात. मग दिवसाला दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा जुलाब. त्यावरही औषध अँटिबायोटिकच, म्हणजे तण मारताना उरलंसुरलं पीकही जातं. म्हणून तर तो पुन्हा पुन्हा उलटतो.

या बाईला आधी एका योनिसंसर्गासाठी अँटिबायोटिक दिलं होतं, आणि घरातल्या एका व्यक्तीला सी. डिफ झालेला होता. जुलाब सुरू झाल्यावर आधी मेट्रोनिडाझोल, मग व्हॅन्कोमायसिन, दोन्ही अँटिबायोटिक्सच. दरम्यान जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला म्हणून त्यासाठी आणखी अँटिबायोटिक्स. ही सगळी यादी लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

अशा वेळी विष्ठा प्रत्यारोपण हा अघोरी वाटणारा पण पक्का उपाय. १९५८ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये बेन आयझमन या शल्यविशारदाने आतड्याच्या जीवघेण्या दाहाच्या चार रुग्णांना विष्ठेचा एनिमा दिला होता. पुढे कितीतरी वर्षं तो उपाय अडगळीत राहिला. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीचे आकडे आले तेव्हा शंका उरली नाही: प्रत्यारोपण केलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४. चाचणी मध्येच थांबवली, कारण उरलेल्या रुग्णांना या उपचारापासून वंचित ठेवणं योग्य नव्हतं. एवढं प्रभावी औषध कोणत्याही शाखेत क्वचितच मिळतं, म्हणून न्यूपोर्टच्या डॉक्टरांचा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही.

प्रत्यक्षात करतात काय, तेही पाहू, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं. दात्याची ताजी विष्ठा त्याच दिवशी घेतात, सलाइनमध्ये घुसळतात, गाळून चोथा काढतात. मातीच्या रंगाचं पाणी उरतं. ते ६० मिलिलिटरच्या मोठ्या सिरिंजमध्ये भरतात. रुग्णाचं पोट आधी साफ केलेलं असतं. कोलोनोस्कोपची नळी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि तिच्यातून एकामागून एक सिरिंज रिकामी करतात. या बाईला ६०० मिलिलिटर दिलं होतं, म्हणजे अशा दहा सिरिंज. नंतर काही तास ते आत धरून ठेवायचं, झालं.

दाता बहुधा घरचाच असे. माणूस ओळखीचा, खाणंपिणं ठाऊक, घरात आजार काय आहेत ते माहीत. दात्याचं रक्त एचआयव्ही, कावीळ, सिफिलिससाठी तपासायचे, विष्ठेत परजीवी नाहीत ना ते बघायचे. वजन हा दाता नाकारण्याचा निकष तेव्हा सहसा नव्हता. असायला हवा, हे कुणाच्या मनात येण्यासारखं माणसांत तोवर काही घडलेलं नव्हतं.

उंदरांनी लावलेला संशय

डॉक्टरांना जिवाणूंचा संशय आला तो हवेतून नाही. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत या विषयावर आधीच दहा वर्षं काम झालं होतं. तिथे जंतुविरहित उंदीर वाढवतात. जन्मापासून एकही जिवाणू न शिवलेले, काचेच्या-प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, निर्जंतुक अन्नावर. हे उंदीर भरपूर खाऊनही सडसडीत राहतात. २००४ मध्ये त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. दोन आठवड्यांत अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि खाणं उलट कमी झालं होतं. २००६ मध्ये पुढची पायरी: लठ्ठ उंदरांचे जिवाणू दिलेल्यांची चरबी सडपातळ उंदरांचे जिवाणू दिलेल्यांपेक्षा जास्त वाढली.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो २०१३ चा प्रयोग, कारण त्यात आपल्या प्रकरणासारखाच घाट आहे: एकाच घरातली दोन माणसं. अशा जुळ्या बहिणी शोधल्या, ज्यांतली एक लठ्ठ आणि एक सडपातळ होती. दोघींची विष्ठा वेगवेगळ्या जंतुविरहित उंदरांना दिली. लठ्ठ बहिणीची विष्ठा मिळालेले उंदीर जाड झाले, दुसरे झाले नाहीत. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप होते. झालं असं की जाड होऊ घातलेले उंदीर सडपातळच राहिले. पण हे केव्हा? कमी चरबीचं, भरपूर तंतुमय अन्न दिलं तेव्हा. चरबी जास्त आणि फळं-भाज्या कमी असा आहार दिला, तर सडपातळ सोबत्यांचे जिवाणू जाड उंदरांच्या पोटात तग धरू शकले नाहीत. जिवाणू आणि ताटातलं अन्न यांना वेगळं करून बोलताच येत नाही, हे या प्रयोगाइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

हे घडतं कसं? आपल्याला न पचणारे तंतू जिवाणू आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात: अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. ती आतड्यातून रक्तात शोषली जातात, म्हणजे एरवी वाया गेली असती ती ऊर्जा हाती लागते. पण याच आम्लांमुळे पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकंही सुटतात. म्हणजे एकच पदार्थ ऊर्जा पुरवतो आणि भूकही आवरतो. जिवाणूंमुळे वजनाचं काय होतं याचं एका ओळीत उत्तर मागणाऱ्याने इथे थोडं थांबावं.

मग आईचं वजन मुलीच्या जिवाणूंनीच वाढवलं का?

अहवालातली माहिती घेऊन दुसरी कारणं तपासून पाहिली की गुंता कळतो.

आजारपणात झडलेलं अंग भरून आलं असेल, हा पहिला विचार. पण भरून येणं म्हणजे मूळ वजनावर परतणं. ही बाई त्याच्या कितीतरी पुढे गेली. या कारणात थोडं तथ्य असेल, सगळं नाही.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे: ती मघाची औषधांची यादी. हेलिकोबॅक्टर गेल्यावर काही जणांचं वजन वाढतं असं दिसलेलं आहे. जठरातल्या घ्रेलिन या भुकेच्या संप्रेरकाशी त्याचा संबंध जोडतात. हृदयाच्या झडपांच्या संसर्गासाठी दीर्घकाळ व्हॅन्कोमायसिन घेतलेल्या रुग्णांचं वजन वाढल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये नोंदवलं आहे. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात थोडं अँटिबायोटिक घातलं की ती लवकर वजन धरतात, हे पशुपालनात १९५० च्या सुमारापासून माहीत आहे. या बाईच्या पोटात प्रत्यारोपणाआधीच इतकी अँटिबायोटिक्स गेली होती की कशामुळे काय झालं, हे वेगळं काढणं अशक्य आहे.

तिसरं कारण मुलगी. आपल्याकडे बायका सहज म्हणतात, “आईच्या अंगाने गेलीय.” इथे तो प्रश्न अगदी गंभीर आहे. दाता रक्ताची होती, बहुधा एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलेली. मुलीचं वजनही पुढे १७० पौंडांवर गेलं, आणि तिच्या पोटात तर कुणी काही सोडलं नव्हतं. याचा एक अर्थ असा, की दोघींची जनुकंच तशी होती आणि आईचं वजन कधी ना कधी वाढणारच होतं. दुसरा अर्थ नेमका उलट: मुलीच्या जिवाणूंत वजन वाढवणारं काहीतरी होतं, म्हणून तिचंही वाढलं आणि जिला ते मिळाले तिचंही. दोन्ही अर्थ त्याच आकड्यांत चपखल बसतात.

सोडवण्याचा एक मार्ग होता. प्रत्यारोपणाआधी आईच्या, मुलीच्या आणि नंतर पुन्हा आईच्या जिवाणूंची जनुकीय ओळख करून ठेवायला हवी होती. अहवालात ती तपासणी नाही. उपचार जुलाबांसाठी होता, संशोधनासाठी नव्हे, तेव्हा दोष कुणालाच देता येत नाही. पण उत्तराची वाट तिथेच बंद झाली.

एक गोष्ट मात्र या बाईच्या बाजूने ठासून सांगायची आहे. देखरेखीखाली आहार आणि व्यायाम करूनही वजन उतरत नाही म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, चोरून खात असेल. ओटीपोटाला हात लावून “जरा तोंडावर ताबा ठेव” म्हणणाऱ्या सासवा, मावश्या, शेजारणी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. अलंग आणि केली यांनी तसं केलं नाही. त्यांनी रुग्णाचं म्हणणं खरं मानलं, तपासण्या केल्या, आणि न सुटलेला प्रश्न जसाच्या तसा छापला. लठ्ठ माणसाशी असं वागणारे डॉक्टर अजूनही कमी भेटतात.

माणसांवरच्या चाचण्या

लठ्ठ माणसाच्या जिवाणूंनी वजन वाढत असेल, तर सडपातळ माणसाच्या जिवाणूंनी उतरायला हवं. हे करून पाहिलं गेलं आहे. अॅमस्टरडॅममध्ये २०१२ साली चयापचय बिघडलेल्या १८ पुरुषांवर चाचणी झाली. सडपातळ दात्यांची विष्ठा मिळालेल्यांमध्ये सहा आठवड्यांनी इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं, पण वजन उतरलं नाही. २०१७ च्या मोठ्या चाचणीत अठराव्या आठवड्यापर्यंत तोही फायदा विरून गेला होता. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ८७ लठ्ठ किशोरवयीन मुलामुलींवर चाचणी झाली: साधारण निम्म्यांना कॅप्सूलमधून सडपातळ दात्यांचे जिवाणू दिले, बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ कॅप्सूल. निष्कर्ष २०२० मध्ये आले: बीएमआयमध्ये फरक नाही, पोटाकडच्या चरबीचं प्रमाण मात्र जरा घटलेलं. अमेरिकेतल्या लहान चाचण्यांतही वजनाचा काटा जागचा हलला नाही.

म्हणजे न्यूपोर्टचा संशय खोटा ठरला का? मला तसं वाटत नाही, आणि कारण पुन्हा शेतातलंच आहे. सी. डिफच्या रुग्णाचं आतडं म्हणजे अँटिबायोटिकने नांगरून टाकलेलं रान, पेराल ते उगवतं. ऑकलंडच्या मुलांच्या आतड्यात त्यांचं स्वतःचं पीक उभं होतं. उभ्या पिकात टाकलेलं बी किती रुजणार? या दोन परिस्थितींची तुलना सरळसोट करता येत नाही. हा माझा पुरावा नाही, तर्क आहे, आणि तो तेवढाच धरावा.

मुंबई आणि पुण्यातलं थोडं

सूक्ष्मजीव आणि वजन यांची सांगड घालणारा एक जुना धागा मुंबईचा आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा माहीत नाही. १९८० च्या दशकात पोल्ट्रीतल्या कोंबड्या एका विषाणूने मरत होत्या. पशुवैद्यक डॉ. एस. एम. अजिंक्य त्याचा अभ्यास करत होते. मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात चरबीचे थर सापडत होते. आजारी पक्षी खरं तर वाळायला हवा. मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर यांना हे खटकलं. त्या ‘एसएमएएम-१’ विषाणूच्या प्रतिपिंडांसाठी त्यांनी ५२ लठ्ठ लोकांचं रक्त तपासलं. दहा जणांत प्रतिपिंडं मिळाली, आणि त्यांचं सरासरी वजन ९५ किलो होतं. बाकीच्यांचं ८०. कोलेस्टेरॉल मात्र त्यांचंच कमी. विषाणूने वजन वाढलं, की जास्त वजनाच्या माणसाला विषाणू लवकर धरतो? न्यूपोर्टसारखीच इथेही एकाच आकड्यात दोन्ही उत्तरं मावतात. धुरंधर पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे माणसांना होणाऱ्या अॅडिनोव्हायरस-३६ या विषाणूवर काम केलं. विषाणूने वजन वाढतं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ मध्ये २० भारतीय लोकांचे आतड्यातले जिवाणू तपासले: सडपातळ, मध्यम, लठ्ठ, आणि लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेले. पाश्चात्य अभ्यासांत तेव्हा गाजलेलं फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स या दोन गटांचं गुणोत्तर इथे वजनाप्रमाणे स्पष्टपणे बदलताना दिसलं नाही. पुढे परदेशातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तिथेही हा संबंध फार अशक्त निघाला. तरी हजारो रुपये घेऊन विष्ठेची तपासणी करणाऱ्या आणि हेच गुणोत्तर रंगीत आलेखात दाखवून “तुमचे जिवाणू जाडेपणाचे आहेत” असं सांगणाऱ्यांचा धंदा आपल्याकडे चालू आहे. त्यासाठी पैसे घालवू नका. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी यांतून जिवाणूंना खाऊ मिळतो एवढं नक्की आहे, आणि त्याला तपासणी लागत नाही.

आणखी एक. बीएमआय २६.४ हा अमेरिकेच्या मोजपट्टीवर ‘थोडं जास्त वजन’ आहे. भारतीय प्रौढांसाठी आपले डॉक्टर २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. दात्याच्या वजनाची रेघ कुठे ओढायची, हे आपल्याकडे अमेरिकेच्या कागदावरून उतरवून चालणार नाही.

त्यानंतर काय बदललं

दाता लठ्ठ नसावा, अशी शिफारस अहवालाने केली. पुरावा एका बाईचा, तोही संशयाचा. तरी ही शिफारस मला शंभर टक्के योग्य वाटते, कारण सडपातळ दाता निवडल्याने कुणाचंच काही जात नाही. आज दाते निवडताना अनेक ठिकाणी बीएमआय ३० च्या वरच्यांना नकार देतात. विष्ठेतून काय काय जाऊ शकतं याची याहून कठोर आठवण २०१९ मध्ये झाली. औषधांना दाद न देणारा ई. कोलाय जिवाणू प्रत्यारोपणातून गेला आणि अमेरिकेत एक रुग्ण दगावला. व्हिडिओ बघून घरच्या घरी, वजन उतरवण्यासाठी हा प्रकार करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, करू नका.

पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या सी. डिफसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये गुदमार्गाने द्यायचं एक औषध आणि एप्रिल २०२३ मध्ये तोंडाने घ्यायच्या कॅप्सूल मंजूर केल्या. दोन्ही तपासून घेतलेल्या अनोळखी दात्यांच्या विष्ठेपासून बनतात. न्यूपोर्टच्या त्या बाईसारखी रुग्ण आज आली, तर तिच्या सोळा वर्षांच्या लेकीला काही द्यावं लागणार नाही.